बार्शी रोड ते पंढरपूर : चौदा फूट

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातल्या ‘आपले छंद’ या कार्यक्रमात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून थोडंफार आवरून लिहून दिलं आहे.)



मला दहा मिनिटं दिलेली आहेत. सचिवांनी मघाशीच हळूच सांगितलं, ‘‘काका, रेल्वेची गोष्ट आहे म्हणून लेट करू नका.’’ त्यांना मी एवढंच सांगतो, की ही बार्शी लाइट आहे. ही गाडी वेळेवर आली तर लोक घाबरायचे.

जिन्याखालची, मीटर-रूमला लागून असलेली खोली तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी तिथं मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि कुणाचा तरी एक ट्रेडमिल होता. २०१६ साली कमिटीनं ती खोली मला वापरायला दिली. ठरावात दोन अटी होत्या. विजेसाठी वेगळा सबमीटर, आणि दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद. दोन्ही अटी मी पाळल्या. दुसरी तर मी स्वतःही झोपत असल्यामुळे सहज पाळली गेली.

त्या खोलीत चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायवुडवर एक रेल्वे आहे. बरेच जण तिला ‘काकांची झुकझुकगाडी’ म्हणतात. माझी हरकत नाही. पण आज संधी मिळाली आहे, तर ती नेमकी कुठली गाडी, कुठल्या सालची, आणि ती करायला इतकी वर्षं का लागली, ते सांगतो.

माझा जन्म कुर्डुवाडीचा. आजोबा बार्शी लाइटच्या गँगमध्ये होते, म्हणजे रूळ तपासायचे, स्लीपरखाली खडी भरायची. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तिथल्याच नॅरोगेजच्या कारखान्यात बॉयलरमेकर. मी पुण्याला आलो, भोसरीत एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली आणि २०१५ साली रिटायर झालो. म्हणजे तीन पिढ्या लोखंडातच गेल्या. आमच्या मुलाने कॉम्प्युटर घेतला आणि ही परंपरा मोडली.

आता बार्शी लाइट म्हणजे काय, ते मुलांसाठी थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे एक इंग्रज इंजिनियर होते. १८८२ साली ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला इकडे आले. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन बार्शीला बाजूला ठेवून गेली होती, आणि बार्शी तर व्यापाराचं गाव. कॅलथ्रॉपसाहेबांच्या डोक्यात आलं, की स्वस्तातली, हलकी, पण कामाची रेल्वे बांधून दाखवायची. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी २१ मैलांची गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. १९५४ साली सरकारनं ती ताब्यात घेतली. अलीकडच्या काळात टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. आज तुम्ही तिथं गेलात तर मोठ्या गाडीतून जाल. छोट्या गाडीचा रूळ आता उरलेला नाही.

या रेल्वेच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ३० इंच. रूळ यार्डाला ३० पौंडांचा. आजच्या हिशेबात मीटरला १५ किलो. आपल्या पुणे स्टेशनातून जाणारा मुख्य लाइनचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो. म्हणजे चौपट. इतक्या किरकोळ रुळावरून माल कसा न्यायचा? कॅलथ्रॉप यांनी एक नियम केला. इंजिन असो की डबा, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. वजन जास्त हवं असेल तर ॲक्सल वाढवा आणि सगळ्यांवर सारखं वाटून टाका. सोसायटीच्या मेंटेनन्ससारखंच आहे. एकावर टाकलं तर मोडतो, सगळ्यांनी उचललं तर कुणाला जाणवत नाही. (टाळ्या कमी आल्या, थकबाकीदार बरेच दिसतायत.)

म्हणून या लाइनच्या पहिल्या इंजिनांना सहा ॲक्सल होते. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेली ती इंजिनं. पुढं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, मागं आधाराची चार. रेल्वेच्या भाषेत याला शून्य-आठ-चार म्हणतात. पहिला आकडा पुढच्या आधाराच्या चाकांचा, मधला ओढणाऱ्या चाकांचा, शेवटचा मागच्या चाकांचा. सहा ॲक्सल, प्रत्येकी पाच टन, म्हणजे जास्तीत जास्त तीस टनांचं इंजिन. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना आणि कोळसा पाठीमागे. वेगळं टेंडर नाही. हेच इंजिन मी करायला घेतलं.

कॅलथ्रॉपसाहेबांनी बार्शीचा अनुभव पुढं इंग्लंडमध्ये वापरला. तिथल्या लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ सालच्या छोट्या लाइनची इंजिनं पाहिली, तर ती आपल्याकडची वाटतात. पुढं म्हातारपणी हे गृहस्थ विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागले. छंदी माणसाचं वय झालं की त्याला घरचे का सांभाळून घेतात, हे तुम्हाला आमच्या घरी विचारता येईल.

मला हा नाद लागला तो कोथरूडला. भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. मुलाला घेऊन गेलो होतो. मुलगा अर्ध्या तासात आइस्क्रीम मागायला लागला आणि मी मात्र हलायला तयार नाही. एका माणसाच्या छंदातून एवढं उभं राहतं, हे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाच ठरवलं, की रिटायर झाल्यावर आपली गाडी करायची. पण दुसऱ्या कुठल्या देशातली नाही. आपली म्हणजे आपलीच.

आता पहिला प्रश्न, की बाजारात असं इंजिन मिळतं का? नाही मिळत. जर्मन मिळतं, अमेरिकन मिळतं, जपानी मिळतं. बार्शी लाइट कुणीच करत नाही. पण इथं एक गंमत सापडली. अमेरिकेतही ३० इंची छोट्या लाइनी होत्या, आणि त्यांच्या मॉडेलचं एक माप ठरलेलं आहे. त्याला ओ-एन-थर्टी म्हणतात. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचं मॉडेल आणि रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे, जे कुठंही मिळतात. हिशेब करा. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ४८, म्हणजे पावणेसोळाच्या थोडं वर. साडेसोळाच्या रुळावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. टूलरूमच्या माणसाला अर्धा मिलिमीटर म्हणजे पाप. पण तेवढं पाप मी पदरात घेतलं.

याचा दुसरा फायदा म्हणजे साडेसोळा मिलिमीटरवर धावणारी लहान मापाची इंजिनं जुन्यात मिळतात. त्यांची चाकं आपल्या मोठ्या मापात बारकी दिसतात, आणि नॅरोगेजला बारकीच चाकं हवीत. मी एका परदेशी विक्रेत्याकडून जुनं, जोडलेल्या आठ चाकांचं इंजिन मागवलं. सीमाशुल्कासकट किती पडलं ते इथं सांगत नाही, सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत आहेत. पार्सल उघडलं तर एक गिअर फुटलेला. तो मी स्वतः कापून केला. पुढची दोन आधाराची चाकं काढून टाकली, आणि मागं चार चाकांची बोगी करायचं ठरवलं.

माप कुठून आणायचं? एका बाजूनं काढलेलं एक जुनं छायाचित्र मिळालं. त्यात इंजिनाला लागूनच मालडबा उभा. बार्शी लाइटचे मालडबे सगळे एकाच सांगाड्यावर बांधलेले होते, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. म्हणजे फोटोतच फूटपट्टी ठेवलेली! डबा मोजायचा, त्यावरून इंजिन मोजायचं. २५ फुटांचा डबा आमच्या मापात सव्वासहा इंच होतो. असं करत करत कागदावर नकाशा तयार झाला.

मग पुणं कामाला आलं. बोहरी आळीतून पितळेचा पत्रा, तपकीर गल्लीतून बारा व्होल्टची बारकी मोटर आणि वायरी, रविवारच्या जुन्या बाजारातून कानशी. बॉयलरसाठी पडद्याच्या पितळी दांडीचा तुकडा. वजन पाहिजे म्हणून टाक्यांमध्ये शिसं भरलं. गाडीची चाकं बॅलन्स करताना गॅरेजवाले शिशाचे तुकडे लावतात, ते. केबिनचं गोल छप्पर मात्र काही केल्या वाकेना, पत्रा मुडपायचा. तांबट आळीत एका म्हाताऱ्या कारागिरांना दाखवला. त्यांनी पत्रा बोटात फिरवला आणि म्हणाले, ‘‘तापवलाय का? आधी लाल कर, गार होऊ दे, मग मऊ येईल.’’ तीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘इंजिन झालं की दाखवायला आण.’’

आता आण्णांकडे येतो. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले होते. तुमच्यातल्या अनेकांनी त्यांना पाहिलंय. पांढरा सदरा, धोतर, हातात काठी, सकाळी गेटपाशी वॉचमनशेजारी बसायचे. बोलणं कमी. त्याचं कारण त्यांना ऐकू येत नसे. बॉयलरमेकरला ऐकू येत नाहीच. बॉयलरच्या पोटात एकानं बसायचं आणि बाहेरून दुसऱ्यानं रिव्हेटवर हातोडा घालायचा. घंटेच्या आत बसून घंटा वाजवल्यासारखं. चाळिशीतच त्यांचे कान गेले होते. कानाचं यंत्र आणलं तर म्हणाले, ‘‘नुसता कलकलाट हाय,’’ आणि कपाटात ठेवून दिलं.

मी मॉडेल करतोय म्हटल्यावर पहिल्यांदा ते चिडले. ‘‘इंजान म्हंजे खेळणं व्हय रं? मान्सं मेल्यात त्याच्यापायी.’’ मग एक दिवस काठी टेकत खोलीत आले. मी टाकीचा पत्रा कापून ठेवला होता, गुळगुळीत. त्यांनी अंगठा फिरवला. ‘‘रिव्हेट कुठायत?’’ मी म्हटलं, ‘‘आण्णा, एवढ्या लहान मापात कोण बघतंय?’’ ते म्हणाले, ‘‘मी बघतोय की.’’ झालं. पत्र्याखाली शिशाची चकती ठेवून, बोथट सुईनं मागून दाब देऊन एकेक रिव्हेट उठवायचा. दोन टाक्या, केबिन, कोळशाची पेटी. चारशेच्या वर झाले. त्यातली एक ओळ वाकडी आली म्हणून त्यांनी ती टाकी मला परत करायला लावली.

दुसरं भांडण झालं पाटीवरून. माझ्या लेआउटचं साल मी १९१० ठरवलं होतं. अशी मॉडेल करणाऱ्यांचा नियम असतो, की एकदा साल ठरलं की त्यानंतरची एकही वस्तू तिथं ठेवायची नाही. १९१० घेतलं कारण आजोबा त्या सुमाराला गँगमध्ये लागले, पंढरपूरची लाइन झालेली होती आणि लातूर अजून व्हायचं होतं. सगळं चौदा फुटांत बसवायचं, तर जेवढ्या लाइनी कमी तेवढं बरं. तरी मी चूक केलीच. एका डब्यावर हौसेनं ‘लातूर’ अशी पाटी लावली. सी विंगमधली चौथीतली एक मुलगी माझा माहितीचा तक्ता वाचून म्हणाली, ‘‘काका, लातूरला गाडी १९११ ला गेली ना?’’ पाटी काढली. आता ती मुलगी इंजिनियरिंगला आहे आणि माझ्या लेआउटचं वायरिंग तीच बघते.

पण आण्णांचं भांडण वेगळं. मोठ्या लाइनीला बार्शी लाइट जिथं मिळत होती, त्या जंक्शनचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं. कुर्डुवाडी हे गावाचं नाव. म्हणून मी स्टेशनवर ‘बार्शी रोड’ अशी पाटी लावली. आण्णांनी पाटी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. ‘‘जलमभर कुर्डुवाडीत राबलो. आन् माझ्याच पोरानं कुर्डुवाडी पुसली?’’ मी साल समजावलं, नियम समजावला, कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आठ दिवस खोलीत आले नाहीत. मी पाटी बदलली नाही. खरं तेच लावलं, असं मला वाटत होतं. आजही वाटतं. पण ते आठ दिवस चांगले गेले नाहीत, एवढं सांगतो.

तिसरी गोष्ट २०१८ सालची. इंजिनाचा खालचा भाग पहिल्यांदा रुळावर चालला. चालला म्हणजे काय, दर फेऱ्याला एक बारीक हिसका. मी बारा व्होल्ट करून पाहिले, सहा करून पाहिले, हिसका कायम. आण्णा आले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी दोन्ही तळवे प्लायवुडवर टेकले, डोळे मिटले आणि मला गाडी चालवायला सांगितली. मग म्हणाले, ‘‘उलटं कर.’’ मी इंजिन उताणं धरलं, चाकं हळू फिरत होती. त्यांनी एकेका ॲक्सलच्या टोकाला बोट लावलं. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर बोट थांबलं. ‘‘हितं अडतंय.’’

मी म्हटलं, ‘‘आण्णा, ॲक्सल ठीक आहे, मोटर खराब आहे.’’ ते हसले. ‘‘मोटर तुझी. ॲक्सल माझं.’’

त्यांना काय म्हणायचं होतं, ते मुलांना सांगतो. वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंना दांडे असतात. डाव्या बाजूचा दांडा जेव्हा अगदी टोकाला जातो, तेव्हा त्याला चाक ढकलता येत नाही, जसं सायकलचं पेडल बरोबर वर आलं की त्यावर कितीही दाबा, चाक फिरत नाही. म्हणून उजव्या बाजूचा दांडा नव्वद अंश पुढे-मागे बसवतात. एक अडला तर दुसरा ढकलतो. जोडलेली आठ चाकं म्हणजे चार ॲक्सल. चारही ॲक्सलवर हा कोन अगदी सारखा पाहिजे. एकाचा जरी किंचित चुकला तर दर फेऱ्याला दांडे एकमेकांशी भांडतात आणि हिसका बसतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ऐकलं नाही. बहिऱ्या म्हाताऱ्या माणसाला बोट लावून काय कळणार, असं मनात आलं असेल. मी नवी मोटर आणली. हिसका गेला नाही. मग गिअर बदलला. तरी गेला नाही. मग चिडून महिनाभर इंजिन डब्यात ठेवलं. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत आण्णा गेले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते, झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मी लिहून दिलेला बार्शी रोडचा तो कागद होता. घडी तशीच.

त्यानंतर मी खोलीला कुलूप लावलं. लेआउटवर जुनी चादर घातली. कमिटीनं एकदा हळूच विचारलं, खोली रिकामी करताय का? मी म्हटलं, बघू.

मग आलं २०२०. लॉकडाऊन. सगळे घरात. मुलं गॅलरीतून एकमेकांना ओरडून गोष्टी सांगायची. बातमी आली, की यंदा पायी वारी नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला जाणार. आपल्या ए विंगमधल्या आजी, त्यांची तेव्हा बावीस वर्षांची वारी होती. त्या रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन नुसत्या गेटकडे बघत उभ्या राहायच्या. आणि आमच्या मजल्यावरचा एक छोटा, आता तो माझ्या खांद्याला लागलाय, त्यानं मला फोनवर विचारलं, ‘‘काका, तुमची गाडी पंढरपूरला जाते ना? मग तिला कुठे लॉकडाऊन आहे?’’

मी त्या रात्री सचिवांकडून किल्ली घेतली. मास्क लावून खाली गेलो आणि चादर काढली. आषाढीला तीन आठवडे होते.

बाजार बंद. मागच्या बोगीला चार चाकं हवी होती, ती माझ्याच एका मालडब्याची काढली. तो डबा अजून चाकांविना यार्डात पडलेला आहे, मी त्याला ‘दुरुस्तीसाठी’ अशी पाटी लावून टाकली. मग इंजिन उलटं केलं आणि बोट लावलं. मला काहीच कळलं नाही. पुन्हा लावलं. चौथ्या की पाचव्या दिवशी, रात्री अकराच्या सुमाराला, सगळीकडे शांतता असताना, डोळे मिटून बोट लावलं आणि कळलं. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. तिसरा फेऱ्यात एकदा बोटाला टोचल्यासारखा. मी भंगारातल्या ॲल्युमिनियमचा एक छोटा जिग केला, त्यात चारही ॲक्सल लावून पाहिले. तीन बरोबर. तिसऱ्याचा कोन काही अंशांनी चुकलेला. चाक तेवढं फिरवलं, घट्ट केलं, दांडे लावले, रुळावर ठेवलं. लोण्यासारखं गेलं.

मी त्या मोडक्या खुर्चीवर बसून राहिलो. नव्या मोटरचे, नव्या गिअरचे पैसे गेले त्याचं काही नाही. ‘‘आण्णा, तुमचं बरोबर होतं,’’ हे एवढं वाक्य सांगायला माणूस नव्हता. ते वाक्य मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलतोय.

१ जुलै २०२०, आषाढी एकादशी. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला होता. मुलांनी घरोघरी कागदाचे आणि शाडूचे वारकरी करून गेटपाशी ठेवले होते, टाळ-पताकांसकट. काही वारकरी इंजिनाएवढे उंच होते, त्यांना मी स्टेशनाबाहेर उभं केलं. बाकीचे मालडब्यांत बसवले. यात्रेच्या गर्दीत बार्शी लाइटच्या मालडब्यांतूनही वारकरी जात, असं आण्णा सांगायचे.

कुर्डुवाडी ते पंढरपूर खरं अंतर ५२ किलोमीटर. अठ्ठेचाळिसानं भागलं तरी किलोमीटरभराच्या वर रूळ लागतील. आपल्याकडे चौदा फूट. प्रवास अर्ध्या मिनिटाचा. गाडी बार्शी रोडहून निघाली, पाण्याच्या टाकीमागून वळली, चंद्रभागेच्या कडेनं गेली आणि पंढरपूरला थांबली. फोनवर कुणी बोलत नव्हतं. मग ए विंगमधल्या आजींचा आवाज आला, ‘‘पोचली का रे?’’ मी म्हटलं, ‘‘पोचली, आजी.’’ त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि मग अख्ख्या सोसायटीत गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मी जिन्याखालच्या खोलीत ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी मी एक काम केलं. स्टेशनची पाटी ‘बार्शी रोड’ अशीच ठेवली. पण स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या बैलगाडीच्या रस्त्यावर एक छोटा दगड रोवला आणि त्यावर लिहिलं, ‘कुर्डुवाडी’. १९१० साली गाव तर होतंच. नियम मोडला नाही. आण्णांना हे पटलं असतं की नाही, माहीत नाही. पण भिंग घेऊन पाहायला आले असते, आणि दगड वाकडा आहे असं नक्की म्हणाले असते.

तांबट आळीतल्या त्या कारागिरांना मात्र इंजिन दाखवून आलो. त्यांनी छप्परावर नख वाजवून पाहिलं आणि नुसतं ‘‘हं’’ म्हणाले. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

आता शेवटचं, आणि हे कमिटीसाठी. पुढच्या वार्षिक सभेत त्या खोलीचा विषय आहे, असं कळलंय. पार्सलं ठेवायला जागा नाही, आणि ती अडचण खरी आहे, मीही रोज काहीतरी मागवत असतो. माझा विरोध नाही. लेआउट तीन तुकड्यांत आहे, आठ बोल्ट काढले की भिंतीला उभं राहतं. दोन फूट जागा द्या, रविवारी तासभर ते आडवं करू द्या, बाकी आठवडाभर पार्सलं ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझा हात अजून स्थिर आहे, पण डोळ्यांना आता दोन भिंगं लागतात. तुमच्यापैकी दोघं-तिघं हवेत. सोल्डरिंग शिकवीन, कानस धरायला शिकवीन. माझ्यामागं ते इंजिन काचेच्या कपाटात ठेवू नका. चालवा. आणि कधी अडलं, तर मोटर बदलायच्या आधी उलटं करा, डोळे मिटा आणि एकेका ॲक्सलला बोट लावून बघा.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता गाडी सुटते. बार्शी लाइट आहे, तेव्हा सव्वापाचला आलात तरी मिळेल.